कावळा शिवेपर्यंत

सोसायटीची सहलीची बस कोपरखैरण्याहून सुटली तेव्हापासूनच दिनानाथराव खिसा चाचपून बघत होते. रबाळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते इतिहास वाचत होते, आणि दोन वर्षं त्यांचा इतिहास कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं की बायको, सुनयना, मिक्सर लावायची आणि शेजारी लिफ्ट पकडायचे. आज मात्र बत्तीस माणसं तावडीत सापडली होती. कर्जतच्या पुढे एका माळावर अडीच हजार वर्षांपूर्वीचं दफनाचं टेकाड, आणि खिशात त्यावरचं अकरा पानी भाषण! आणखी काय हवं माणसाला?

टेकाड दिसलं मात्र, दिनानाथराव गुडघेदुखी विसरून धावत सुटले. "बघा, बघा! हा दगडांचा गोल! याच्या खाली माणूस पुरलाय!"

"बघितला. सेल्फी पण झाला," चेअरमन दिलीपभाऊ म्हणाले. "चला, डबे सोडा."

सगळे डब्यांकडे वळले. भाषण हातचं जातंय म्हटल्यावर दिनानाथराव कळवळून ओरडले, "अहो, असं काय करता? आपलेच पूर्वज असतील हे!"

साताऱ्याच्या सत्यभामाकाकूंचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला.

"आपलं पूर्वज? आन् त्यास्नी न वाढता आपुन जेवायचं व्हय?"

झालं! काकूंनी पत्रावळीवर पुरी, भाजी, श्रीखंड आणि दोन बटाटेवडे वाढले, पत्रावळ टेकाडावर ठेवली आणि हुकूम सोडला. कावळा शिवल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही.

दोन वाजले. समोरच्या बाभळीवर एकच कावळा होता. तो पत्रावळीकडे बघायचा आणि मान फिरवून बसायचा.

"काहीतरी इच्छा ऱ्हायली आसंल," काकू म्हणाल्या.

"अडीच हजार वर्षं?" दिलीपभाऊंच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी टेकाडाला हात जोडले. "आजोबा, टेन्शन नका घेऊ. आमी दरवर्षी येऊ. सोसायटीतर्फे बोर्ड लावू!"

कावळा ढिम्म.

"यांच्यामुळे झोपमोड झाली असेल तर माफ करा," सुनयना म्हणाली. "यांची पुस्तकं उद्याच रद्दीत घालते."

कावळ्याने चक्क पाठ फिरवली. दिनानाथरावांना तो कावळा एकदम आवडला.

शेवटी काकूच म्हणाल्या, "भाऊजी, इतक्या वर्सांत ह्या मानसाबद्दल कुनी चार शब्द बोललं न्हाई. तेच ऐकायचं आसंल त्यास्नी. तुमाला म्हाईत हाय न्हवं? मग बोला की!"

बत्तीस माणसं मातीत मांडी घालून बसली. काकूंच्या सांगण्यावरून सगळ्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मोबाइलसुद्धा बंद! दिनानाथरावांनी भाषण उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"मोठ्यानं वाचा, आजोबांना ऐकू जाऊ दे!" दिलीपभाऊ म्हणाले.

"पुढे काय झालं हो त्यांचं?" हे तर सुनयनाने विचारलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण असा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला होता. दिनानाथरावांना आकाश ठेंगणं झालं.

ते दुसऱ्या पानाच्या मध्यावर होते तेव्हा कावळा बाभळीवरून खाली उतरला. उड्या मारत मारत पत्रावळीपाशी आला. त्याने वड्यावर चोच रोखली. बाकीच्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

आवाज जराही अडखळू न देता दिनानाथराव खाली वाकले, त्यांनी एक खडा उचलला आणि नेम धरून कावळ्यावर भिरकावला.