चौकातला चोथा

नातीचं लग्न आठवड्यावर आलं आणि मौ देशेंग यांचं तोंड आलं. गावातल्या प्रत्येक वरातीत सनई त्यांचीच, आणि आता नातीच्या वेळी ओठ मिटेनात.

"वाजणार नसेल तर टेप लावू, म्हणतोय नवरा मुलगा," त्यांची बायको शिऊलान म्हणाली.

"मी मेल्यावर लावा म्हणावं."

फेंग वैद्यांनी काढा दिला. त्यात ह्वांगल्यानच्या मुळ्या. "ह्यात बर्बेरीन असतं. तेच पिवळं, तेच कडू, आणि गुण येतो तोही त्याचाच."

शिऊलानबाई काढा गाळून ठेवत आणि चोथा रीतीप्रमाणे चौकात टाकत. त्यावर ज्याचा पाय पडेल, तो दुखणं घेऊन जातो. ग्वानयिनदेवीला उदबत्ती लावून त्यांनी विनवलंही, "माये, पाय धडधाकट माणसाचा पडू दे. अशक्ताचा नको."

पाय कोणाचाच पडेना. रीत सगळ्या गल्लीला ठाऊक. ऐंशी उलटलेल्या छिन आजी तर काठी टेकून चक्क उडी मारून पलीकडे गेल्या.

"आजी, जरा बेतानं."

"बेतानं? तुझ्या नवऱ्याचं तोंड मला कशाला गं?"

दुसऱ्या दिवशी शिऊलानबाईंनी चोथा जरा पसरून टाकला. उड्या लांबल्या.

मग वैद्यच आले. आपल्याच औषधाला वळसा घालणं शोभेना, तुडवणंही बरं दिसेना. शेवटी ते उकिडवे बसून काडीनं चोथा उकरू लागले.

"ज्येष्ठमध आहे, संत्र्याची साल आहे. ह्वांगल्यान कुठाय?"

"घातलं होतं की. ह्या हातांनी."

जमलेले सगळे दारात उभ्या मौंकडे बघू लागले. मौंचा हात खिशावर गेला. खिसा पिवळाधमक झाला होता.

"उकळायच्या आधीच काढून घेत होतो," ते पुटपुटले. "फार कडू लागतं हो."

"म्हणजे आम्ही ज्येष्ठमधावरून उड्या मारल्या?" डुकराचं मटण विकणारा श्यांग म्हणाला.

पुढचा प्रत्येक पेला मौंनी गल्लीसमोर बसून संपवला. वरातीत सनई अशी वाजली, की रीतीचं रडणं नवरी विसरूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात छिन आजी, मागे आणखी दोघीतिघी म्हाताऱ्या.

"आज चोथा नाही टाकलास?"

"ते बरे झाले, आजी."

"ते झाले गं. उड्यांनी आमच्या कंबरा कुठे आत्ता मोकळ्या व्हायला लागल्या होत्या."

वडीलधाऱ्यांचं मन मोडणं शिऊलानबाईंच्या जिवावर आलं. त्या वळल्या. मौ सनई काखेत मारून मागच्या दाराकडे सरकत होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जीभ दाखवा बघू."