यंदा तारा लावला नाही

शांती कशी मिळवायची हे मला कुणी शिकवायला नको. सारी नोकरी मी सातवीच्या पोरांना चित्रकला शिकवण्यात काढली आहे. ज्याने त्या वर्गात डोकं शांत ठेवलं, त्याला एक नाताळ शांततेत पार पाडणं काय अवघड? असं मी बायकोला म्हणालो, आणि तिथेच सगळी माती झाली.

आमच्या सांगलीच्या घरात शांतीच्या राजपुत्राचं, म्हणजे बाळ येशूचं स्वागत दर वर्षी कढईभर तेलाने आणि भांडणाने होतं. करंज्या, चकल्या, अनारसे, शिवाय अख्ख्या गल्लीत वाटायची ताटं. मागच्या नाताळाला माझी बायको करुणा इतकी दमली होती की चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब 'पृथ्वीवर शांती' म्हणाले आणि माझ्या खांद्यावरून घोरण्याचा आवाज आला. पाळकसाहेब थांबले. करुणा थांबली नाही.

यंदा तिने डिसेंबर लागताच सांगून टाकलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिला फक्त एक तास हवा होता. मेणबत्ती लावून बायबलमधला येशूजन्माचा, लूकचा दुसरा अध्याय वाचायचा आणि त्या तासात कुणी तिला 'चाळणी कुठंय' असं विचारायचं नाही. "एवढंही जमणार नसेल तर मी साताऱ्याला आईकडे जाते," ती म्हणाली. "तुमचा नाताळ तुम्ही तळा." तिचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली. मी शब्द दिला. फराळ नाही, पाहुणे नाहीत, गॅलरीत नाताळचा कागदी तारासुद्धा लावायचा नाही, कारण तारा दिसला की माणसं येतात. दर नाताळाला येणाऱ्या सासूबाईंनाही या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं. ते काम मी जरा जास्तच उत्साहाने केलं.

राहिले शेजारी. समोरच्या गुणमाला वहिनी आमच्या करंज्यांची वाट बघत असतात. त्यांच्याकडे अंड्याचा केक चालत नाही, म्हणून करुणा त्यांच्यासाठी करंज्यांचा घाणा वेगळा काढते. त्यांना जिन्यात गाठून मी गंभीर आवाजात म्हणालो, "वहिनी, यंदा आमच्याकडे फराळ नाही. ताराही लावणार नाही. करुणाला जरा शांतता हवी आहे."

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला. "साताऱ्याच्या आई?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्या आता यायच्या नाहीत," मी म्हणालो.

"लय गुणाची माउली," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

सासूबाईंबद्दल असं मत असणारी ही पहिलीच व्यक्ती मला भेटत होती. पण म्हटलं, असेल एखाद्याचा अनुभव. मी मान डोलावली आणि खाली उतरलो.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या आलं नाही. आमच्याकडे दिवाळी असो, ईद असो की नाताळ, ज्या घरात कुणी गेलेलं असतं त्या घरात सणाचं तळण होत नाही आणि दिवा-कंदील लागत नाही. मग गल्ली त्या घराचा सण आपल्या अंगावर घेते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. मीसुद्धा असे डबे पोचवले आहेत!

ती संध्याकाळ आली. करुणाने सकाळीच आईशी फोनवर थोडं भांडून घेतलं होतं, त्यानंतर आम्हा नवरा-बायकोचे मोबाईल मी बंद करून कपाटात ठेवले होते. मेणबत्ती लावली. करुणाने चष्मा चढवला, पवित्र शास्त्र उघडलं आणि "त्या दिवसांत असे झाले की" इथपर्यंत वाचलं. बेल वाजली.

दारात कोपऱ्यावरचे बादशहाभाई. त्यांच्या हातात झाकलेलं भलं मोठं पातेलं आणि मागे नूरजहां भाभी. पातेलं खाली ठेवून त्यांनी मला मिठी मारली. "सबुरी धरा, सर," ते म्हणाले. मला वाटलं, मुसलमान माणूस, पण आपल्या शांतीचं मर्म याला किती चटकन कळलं! मीही त्यांना घट्ट मिठी मारली. तेवढ्यात गुणमाला वहिनी गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या. प्रत्येकीच्या हातात डबा. त्यांनी करुणाला धरून चटईवर बसवलं, पाठीला उशी दिली आणि दोघी तिचे पाय चेपू लागल्या. ती चहा टाकायला उठली तर वहिनींनी तिला परत बसवलं. "तू हलायचं न्हाईस. आमी हाय की," त्या म्हणाल्या.

करुणाने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी सातवीच्या वर्गात कधी वापरला असता तर पोरं शाळा सोडून गेली असती.

बादशहाभाईंनी मला खिडकीपाशी नेलं. "माती कुठं झाली, सर? साताऱ्यातच का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोंड उघडणार, तोच जिन्यात पावलं वाजली. पाळकसाहेब आमच्या चर्चच्या मंडळीचा नाताळगीतांचा जथा घेऊन आले होते. ढोलकी नाही, टाळ्या नाहीत, सगळ्यांच्या माना खाली. मी म्हटलं, साहेब, एक मिनिट. ते म्हणाले, आधी प्रार्थना, आणि त्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना एकदा सुरू झाली की तिला मधे थांबा नाही.

"हे स्वर्गीय पित्या, तुझी दासी चंद्राबाई..."

आईचं नाव ऐकून करुणाने एक डोळा उघडला. सकाळीच जिच्याशी भांडली ती बाई तिच्या चांगली लक्षात होती. आता ही ओरडणार म्हणून मी अंग चोरलं. पण तिने चेपल्या जाणाऱ्या पायांकडे पाहिलं, ओट्यावर रचलेल्या डब्यांकडे पाहिलं आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

'आमेन' झालं आणि खाली रिक्षा थांबली.

"आवं माझं जावई!" असा हंबरडा फोडत जिना चढून आल्या त्या खुद्द तुझी दासी चंद्राबाई! आमच्या मंडळीतल्या कुणीतरी साताऱ्याला आपल्या नातेवाइकांना फोन केला होता की सरांच्या घरी दुःख झालंय. ते फिरत फिरत सासूबाईंपर्यंत गेलं. त्यांनी इकडे फोन लावला तर दोन्ही बंद. लेक तर सकाळी बोलली होती. मग राहिलं कोण? बाईंनी मिळेल ती एसटी धरली.

गुणमाला वहिनींच्या हातातला डबा पडला. सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुमी हाय व्हय अजून?" त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता, नाही असं नाही, पण वाटभर रडत आल्याचं वाया गेल्याचं दुःखही होतं.

मग जे हसणं सुरू झालं ते विचारू नका. बादशहाभाईंना ठसका लागला. पाळकसाहेबांनी प्रार्थना मागे घ्यायची की राहू द्यायची यावर जरा विचार केला आणि मग ढोलकी मागवली. पातेली उघडली, डबे उघडले आणि आमच्या घरात जितकी माणसं कधी मावली नव्हती तितकी जेवून, गाऊन गेली. करुणा चटईवरून उठली नाही. एकदा बसवलेल्या माणसाला उठवणार कोण? त्या गोंगाटात तिने उशीला टेकून अख्खा अध्याय वाचला. मेंढपाळांपाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मी बघतच राहिलो.

सगळे गेल्यावर ओट्यावर डबे उरले. आणि दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत.

नाताळची दुपार मी कढईसमोर काढली. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि करंजीच्या कडा नीट दाबत नाही म्हणून मला बोलत होत्या. "चाळणी कुठंय?" असं मी दोनदा विचारलं. करुणाने ऐकलंच नाही. शेवटी पुस्तकातून डोकं वर करून ती म्हणाली, "अहो, पुढच्या नाताळालाही असंच करू. तारा लावू नका. फक्त आईचं नाव नको, तिला प्रवास झेपत नाही. तुमचं सांगू."

हातातली करंजी तशीच टाकून मी माळ्यावरून तारा काढला आणि गॅलरीत बांधला. आता एप्रिल सरत आलाय. येणारेजाणारे विचारतात. विचारू देत. तारा मी उतरवणार नाही.