वाचनाचा पुरावा

कोरेगावपलीकडच्या एका वाडीत मुलांना वाचता येत नाही, ही गोष्ट वरपर्यंत गेली आणि वरच्यांनी ती फारच मनावर घेतली. आदेश निघाला : प्रत्येक मूल वाचत असल्याचा फोटो रोज अॅपवर चढवावा. फोटो नसल्यास वाचन झाले नाही असे समजण्यात येईल.

शाळेला शिक्षक एकच, मुजीब गुरुजी. नेटवर्क शाळेत नव्हतं, ते माळावरच्या बिरोबाच्या पायरीवर यायचं. म्हणून परिपाठ आटोपला की अख्खी शाळा माळ चढायची. हाती पुस्तक, ओळीखाली बोट, मान किंचित कलती, चेहरा आनंददायी. 'आनंददायी' हा शब्द आदेशातच होता. सगळे फोटो चढेपर्यंत खिचडीची वेळ व्हायची, मग खिचडीचा फोटो. शिकवायचं राहून जायचं, पण त्याचा फोटो कुणी मागितलाच नव्हता.

हरणाबाई तिथंच मेंढरं राखायची. तिची पल्लवी चौथीत.

"आवं गुरुजी, डोळं दावाया मिरजंला जायाचं हाय. मागल्या खेपंला लोकास्नी इचारून बसले, तर फलटणला उतरले बगा! दिवाळीपतोर पोरीला गाडीची पाटी वाचाया येईल न्हवं?"

गुरुजी कळवळले. एक दिवस त्यांनी माळ चुकवला आणि फळ्यावर 'मिरज' लिहिलं. दुपारी खिचडीचा फोटो चढवायला ते एकटेच पायरीवर गेले, तोच विस्तार अधिकारी उदयसिंह साहेबांचा फोन.

"गुरुजी, आज तुमच्याकडं वाचन शून्य?"

"साहेब, शिकवत होतो."

"शिकवा की! नको कोण म्हणतंय? पण शाळेच्या वेळेत कशाला?"

दुसऱ्या दिवशी शाळा पुन्हा माळावर. वाचनात ती तालुक्यात पहिली आली, आणि फोटो बघता ते योग्यच होतं.

दिवाळी झाली. मायलेकी कोरेगावच्या स्टँडवर आल्या. एसटी लागली.

"बग गं, कुठली हाय?"

पल्लवीनं पाटीकडं बोट केलं, मान कलती केली, आनंददायी हसली आणि तशीच उभी राहिली.

"आगं, वाच की लवकर!"

"वाचतीया की आये! फोटो काडाया सांग कुणाला तरी."

शेजारच्या सुशिक्षित गृहस्थांना गहिवरून आलं. त्यांनी लगेच मोबाईल काढला. 'मेंढपाळाची लेक वाचते आहे!' तेवढ्यात मिरजेची गाडी निघून गेली. हरणाबाई पदरानं डोळे पुसत पुन्हा लोकांना विचारत फिरू लागली.

फोटो मात्र सगळीकडं पोचला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही त्याला अंगठा दिलात, वर हात जोडलेत आणि पोराला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसवून आलात. त्या बसची पाटी कुणाला वाचावी लागत नाही.