दोघेही गैरहजर

चष्मेवाल्याचं आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे शाळेत भूमिती शिकवणाऱ्या बाईंचं, लग्नानंतर कित्येक वर्षांनी एका गोष्टीवर एकमत झालं. ती गोष्ट म्हणजे घटस्फोट. निमित्त म्हणाल तर त्याने बाईंच्या आईचं शिलाई मशीन न विचारता देऊन टाकलं. खरं दुखणं असं, की तो कधी काही विचारत नसे आणि बाईंनीही सांगणं सोडून दिलं होतं.

संमतीचा अर्ज झाला, पहिला जबाब झाला, मधली मुदतही सरली. आज शेवटचा जबाब. कौटुंबिक न्यायालयाबाहेरच्या लांबलचक बाकाच्या दोन टोकांना दोघं बसली होती. नाव पुकारलं की तडक आत या, असं बजावून वकील मॅडम दुसऱ्या खटल्यासाठी आत गेल्या होत्या.

मधल्या रिकाम्या जागेत एक तरुण जोडपं येऊन बसलं, पार गोंधळलेलं. नवऱ्याने चष्मेवाल्याला विचारलं, आज सही केली की सुटलो ना? चष्मेवाल्याने त्याला दोन जबाबांमधली मुदत समजावली. पलीकडून बाई म्हणाल्या, अर्धवट सांगू नये, त्या मुदतीत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं.

"हे मला माहीत नव्हतं," चष्मेवाला म्हणाला.

त्याच्या तोंडून हे वाक्य बाई प्रथमच ऐकत होत्या. त्या जरा जवळ सरकल्या. अर्थात, नीट ऐकू यावं म्हणून. मग पोटगी झाली, मुलांचा ताबा वेगळा नि भेटीचा हक्क वेगळा हेही सांगून झालं. समुपदेशक काय करतात, असं त्या जोडप्यातल्या मुलीने विचारलं.

"डोळे तपासतात तसंच," चष्मेवाला म्हणाला. "काच बदलत राहतात नि विचारतात, आता बरं दिसतंय की मघाशी? शेवटी माणूस कंटाळून म्हणतो, दिसतंय हो."

बाईंना हसू आवरेना.

"हसतेस काय? तू तर त्यांच्याच कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्यास."

"चुकलं होतं ते."

"चुकलं होतं, पण लाल पेनने?"

तरुण जोडपं केव्हाच आपल्या कामाला आत निघून गेलं होतं. गप्पा मात्र समुपदेशकांवरून शाळेच्या मुख्याध्यापकांवर आणि तिथून त्यांच्या केसांच्या टोपावर पोचल्या होत्या. एवढ्यात वकील मॅडम तणतणत बाहेर आल्या. तीनदा पुकारा झाला होता, आणि दोघेही गैरहजर म्हणून अर्ज फेटाळला गेला होता.

"आता तो पुन्हा दाखल करून घ्या म्हणून विनंती करावी लागेल," त्या पेन काढत म्हणाल्या. "गैरहजेरीचं कारण काय लिहू?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"बोलत बसलो होतो," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

"कुणाशी?"

"एकमेकांशी."

वकील मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "हे कारण वाचून तुम्हाला घटस्फोट देणारा न्यायाधीश मी कुठून आणू?"