गोगलगायीवर नजर ठेवण्याची पाळी

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंच्या मशीनवर छतातून पाण्याचा पहिला थेंब पडला. दुसरा ताईंच्या कपाळावर पडला. तिसऱ्याची वाट न बघता त्या जिना चढून वर गेल्या आणि त्यांनी मास्तरांच्या दाराची बेल दाबून धरली.

यंत्र बिघडले की फारसे नुकसान होत नाही. ते बंद पडते आणि घरातली माणसे आपापल्या कामाला लागतात. खरे नुकसान यंत्र उत्तम चालू असताना होते. त्या गुरुवारी मास्तरांच्या फिश टँकमधली सर्व यंत्रे उत्तम चालू होती.

झाले होते ते असे. टँकमधले पाणी खाली गेले की त्यावर तरंगणारा फ्लोट खाली जातो, फ्लोट खाली गेला की पंप सुरू होतो आणि पाणी पुन्हा पातळीवर येते. त्या पहाटे एक गोगलगाय फ्लोटवर चढून बसली. तिच्या वजनाने फ्लोट खाली गेला. पाणी कमी झाले असे समजून पंपाने पाणी सोडले, आणि गोगलगाय उतरेपर्यंत तो सोडत राहिला. (गोगलगाय सावकाश उतरली. तिला घाईचे काही कारण नव्हते.)

मास्तर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. पण शाळेत त्यांचे नाव गणितापेक्षा बदली तासांसाठी होते. कुणी शिक्षक आला नाही की त्याचा वर्ग कुणी सांभाळायचा, हे पहिली घंटा व्हायच्या आत मास्तर फळ्यावर लिहून मोकळे होत. आख्ख्या नोकरीत त्यांनी एकही वर्ग रिकामा सोडला नाही. (एकदा चित्रकलेचे शिक्षक आणि त्यांचे बदली असे दोघेही गैरहजर राहिले, तेव्हा शाळेतला मानवी सांगाडा वर्गात नेऊन उभा केला होता. त्या तासाला मुले सर्वांत शांत होती.)

निवृत्तीनंतर मास्तरांकडे सात मासे उरले. माशांचे काम म्हणजे सकाळी टँकचा दिवा लावायचा, रात्री मालवायचा आणि उडून गेलेल्या पाण्याच्या जागी तांब्याभर पाणी ओतायचे. कपातला चहा निवेपर्यंत हे सगळे आटोपत असे. मग परगावी दिलेल्या लेकीला दिवस गेले.

"बाळ झालं की महिनाभर जाऊन राहू या," बायको म्हणाली.

"टँकचं काय?" मास्तर म्हणाले.

या प्रश्नातून पुढचे सगळे निघाले.

आधी दिव्याला टायमर आला. तो चोख होता. फक्त वीज गेली की तोही तेवढा वेळ विश्रांती घेई. विजेचे जाणे-येणे चालू राहिल्याने टँकमधला सूर्य आधी दहाला, मग बाराला आणि पुढे ऐन दुपारी उगवू लागला.

"अहो, तुमच्या माशांकडे आत्ता फटफटलं बघा," बायको जेवणाची ताटे उचलताना सांगे. "त्यांना चहा टाकू का?"

टायमरला बॅटरी जोडली त्या आठवड्यात नात झाली. मास्तरांनी फोटो पाहिला, नाक आपल्यावर गेल्याचे जाहीर केले आणि ते पाण्याच्या प्रश्नाकडे वळले.

पाण्यासाठी फ्लोट आला, पंप आला आणि पंपासाठी बादली आली. बादली भरायचे कुणी विसरले तर काय, म्हणून मास्तरांनी बादली नळाला जोडली. आता कुणालाच काही आठवायचे राहिले नाही. नात तेव्हा पालथी पडू लागली होती. "एकदा नीट तपासलं की निघूच," मास्तर म्हणाले. तपासणी चालू असतानाच तो गुरुवार उजाडला.

ताई मशीन पुसून, गिऱ्हाइकाचे कापड गच्चीत वाळत घालून पुन्हा वर आल्या. बाई समजूतदार.

"मास्तर, रोज एक तांब्या पाणी ना? मी ओतीन की. किल्ली द्या न् जा बघू नातीकडे."

"तसं नको, ताई. मग सगळं माणसावर अवलंबून राहील."

"आणि आज कुणावर होतं?"

"गोगलगायीवर," स्वयंपाकघरातून उत्तर आले.

मास्तर शिस्तीचे. त्यांनी फ्लोटवर नजर ठेवायला कॅमेरा लावला. कॅमेऱ्याला अंधारात दिसेना, म्हणून टँकचा दिवा अहोरात्र चालू ठेवला. (टायमर काढून ठेवला. बॅटरी अजून नवी आहे.) अहोरात्र उजेड मिळाल्यावर काचेवर शेवाळ माजले. शेवाळ खाऊन गोगलगायींना बरकत आली. पूर्वी फ्लोटवर चढू शकेल अशी एक गोगलगाय होती, आता निदान चाळीस आहेत. म्हणजे कॅमेऱ्याची गरज किती होती, हे कॅमेरा लावल्यामुळेच सिद्ध झाले.

मुलीचा फोन आला. "बाबा, ती बसायला लागली. तुमचं असंच चाललं तर दार उघडायला तीच येईल."

बायकोने काही वाद घातला नाही. तिने उद्या चारच्या बसची दोन तिकिटे काढली आणि ती फ्रिजवर लावली. "एका सीटवर मी बसणार. दुसऱ्या सीटवर तुम्ही बसा, नाहीतर माझी पिशवी बसेल. तिला कुठलाच टँक नाही."

मग मास्तर बऱ्याच वर्षांनी खडू घेऊन घरातल्या फळ्यापुढे उभे राहिले. योजना सोपी होती. कॅमेऱ्याचे चित्र नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या फोनवर जाईल. प्रत्येकाने ठरल्या वेळी ते बघायचे. गोगलगाय फ्लोटवर दिसली की ताईंना फोन करायचा, आणि ताईंनी वर येऊन तिला उचलायचे.

"म्हणजे येणार मीच," ताई म्हणाल्या.

"गरज पडली तरच."

"मग रोजचा तांब्याच काय वाईट होता?"

मास्तर फळा आखत होते. त्यांना ऐकू गेले नसावे.

पाळ्या पटापट भरल्या. सकाळची व्याह्यांनी घेतली, कारण दाढी करताना त्यांना काहीतरी बघायला लागतेच. रात्रपाळी गोदामावर पहारा करणाऱ्या भाच्याने घेतली; तो तसाही रात्रभर असल्याच पडद्यांपुढे बसतो आणि त्यांत काही हलत नाही. संध्याकाळ चित्रकलेच्या शिक्षकांकडे गेली. (त्यांच्या नावापुढे 'बदली तयार ठेवावा' असे लिहायला शाळेने सुचवले.) मासेवाल्या दुकानदाराने मात्र नकार दिला. "मी मासे विकतो, साहेब. बघत बसणारे तुम्ही." उरलेल्या वेळा मास्तरांनी स्वतःकडे ठेवल्या.

"म्हणजे नात मांडीवर, न् डोळे गोगलगायीवर," बायको म्हणाली.

मास्तरांनी डस्टर उचलले. मग फळ्यावरचे आपले नाव पुसून त्यांनी तिथे जावयाचे लिहिले. त्यांच्या स्वभावात एवढा बदल पूर्वी कधी नोंदला गेलेला नाही.

हे लिहीपर्यंतची स्थिती अशी: पाण्याची पातळी योग्य आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मास्तरांची बॅग कपाटावरून खाली आली आहे, अजून उघडलेली नाही. फळ्यावर दुपारी अडीचची पाळी तेवढी रिकामी आहे, कारण त्या वेळी सगळे नातेवाईक आडवे होतात. आणि मास्तर वर्ग रिकामा सोडून जात नाहीत.

पाळी तशी छोटी आहे. परक्याच्या घरातली गोगलगाय फ्लोटवर चढते की नाही हे शेवटपर्यंत बघत बसेल, आणि तेवढ्या वेळात ज्याचे दुसरे काही अडणार नाही, असा कुणीही चालेल. आपण इथवर वाचत आलात हे ताईंनी मास्तरांना कळवले आहे, आणि अडीचच्या पाळीपुढे आपले नाव खडूने लिहूनही झाले आहे. हरकत असल्यास उद्या चारच्या आत सांगावे. त्यानंतर घरी कुणी नसेल, किंवा मास्तर असतील.