सुभेदारांची पोती

निवृत्त सुभेदार आप्पासो यांचं उंब्रजमधलं नवं घर बांधून झालं होतं. राहिला होता फक्त पुढचा ओटा. घर उतारावर, त्यामुळे ओट्याच्या जोत्याची भिंत खालच्या बाजूनं पुरुषभर उंच आली आणि तिच्या नि घराच्या मधे मोठा खड्डा राहिला. असा खड्डा लोक मुरूम टाकून, वर पाणी सोडून, ठोकून भरतात. सुभेदारांनी ठरवलं, आपण मातीच्या पोत्यांनी भरायचा.

"सरहद्दीवर आमी पोत्यांच्या आड हिवाळे काढलेत," ते गवंडी गुंडाला म्हणाले. "पोतं आपल्या जागी बसतं. ढकलाढकली करत न्हाई. शिस्त असती त्याला."

गुंडा एका वेळी चार घरांची कामं धरणारा माणूस. 'घर तुमचं, मर्जी तुमची' असं म्हणून तो पाचव्याकडे गेला.

खताची रिकामी पोती घरात होतीच. माती उसाच्या रानातली, काळीभोर. (घरची माती असताना मुरूम विकत आणायचा, हे सुभेदारांना पटेना.) पाणी जायला गुंडानं भिंतीत भोकं ठेवली होती, ती त्यांनी सिमेंटनं बुजवली. भोक म्हणजे शत्रूला वाट.

आता भिंतीच्या पायथ्याशी होता त्यांच्या बायकोचा, अंजनाबाईंचा गोठा, आणि गोठ्यात दिवस भरलेली म्हैस. अंजनाबाईंचा त्या म्हशीवर जीव. नवऱ्यावर जास्त की म्हशीवर, हे सुभेदारांनी शहाणपणानं कधी विचारलं नव्हतं.

"खाली म्हस हाय, एवढं ध्यानात ठेवा," बाई म्हणाल्या.

"अगं, तोफ लागली तरी हलायची न्हाई ती भिंत."

पोती नीट बसावीत म्हणून सुभेदार रीतीप्रमाणे रोज सकाळी वर पाइप सोडून ठेवू लागले. रीत मुरमाची होती. काळी माती पाणी पिऊन फुगते, हे उसाच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सुभेदारांचा जन्म गेला पलटणीत. आठवड्यानं ते मलकापूरहून फरशी बघून आले, तर अंजनाबाई भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आवं, भिंतीला पोट आलंय."

"सावली पडलीय तशी."

"सावलीला तडा जातो व्हय?"

सुभेदारांनी भिंतीला पाठ लावली आणि पाय रोवून रेटा दिला. उत्तरादाखल एक दगड अलगद त्यांच्या खांद्यावर येऊन टेकला. मग मात्र त्यांचं धाबं दणाणलं आणि ते गोठ्याकडे धावले. दावं सोडलं, म्हैस उठेना. "उठ! चल! दाहिने मुड!" सगळे हुकूम झाले. म्हशीनं रवंथसुद्धा थांबवला नाही. शेवटी ज्या माणसापुढे अख्खी तुकडी ताठ उभी राहायची, त्यानं हात जोडले. "चल गं बाई, पाया पडतो तुझ्या." वर दगड करकरत होते आणि सुभेदारांना खरंच रडू यायला लागलं होतं.

"ये गं," अंजनाबाई दारातून म्हणाल्या. म्हैस उठली आणि चालू लागली. तिच्या मागोमाग सुभेदारही.

ती तिघं चिंचेखाली पोचली आणि भिंत बसली. गोठ्याचे पत्रे चपटे झाले. धुरळ्यात सुभेदारांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवले नाहीत.

"म्हस वाचली गं."

"तुमी वाचला," अंजनाबाई म्हणाल्या, पण त्यांनीही सुटकेचा निःश्वास टाकला.

धुरळा खाली बसला. भिंत भुईसपाट, आणि मागं पोती मात्र थरावर थर, जशीच्या तशी उभी. सुभेदारांची छाती परत फुगली.

"बघ! एक तरी पोतं पडलंय का?"

"मग त्यांच्या म्होरं भिंत कशाला बांधली?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न एकाही साहेबानं विचारला नव्हता.

गोठा गेला, तेव्हा म्हैस नव्या घराच्या हॉलमध्ये बांधली. संध्याकाळी ती तिथंच व्याली. रेडी झाली, दोघी धडधाकट. आळीतल्या बायका आत जाऊन कौतुक करून आल्या. सुभेदारांनाही राहवेना. त्यांनी पाय धुतले, मिशी पुसली आणि हळूच उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, तर अंजनाबाई आडव्या आल्या.

"तुमी भाईरच थांबा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "नवखं माणूस बघितलं की ती बिथरती."