भरमूअण्णांच्या अंगठ्यावरील संशोधन

मज्जारज्जू हा माणसाच्या शरीरातला सर्वांत नाजूक भाग, आणि नातेवाईक हा सर्वांत चिवट. एकाला इजा झाली की दुसरा आपोआप कार्यान्वित होतो.

येळ्ळूरचे भरमूअण्णा गोठ्याची कौलं परतताना खाली पडले आणि पाठीचा मणका मोडून बसले. डॉक्टर लतिकाबाईंनी घरी सोडताना बजावलं, सहा आठवडे सपाट पडून राहायचं, उठून बसायचं नाही. उजव्या पायाचा अंगठा तेवढा हलत होता, आणि पुन्हा चालण्याची सगळी आशा त्या अंगठ्यावर होती. बायको अंबुबाई तासातासाला पायथ्याशी जाऊन ओरडायची, "हलला बघा, हलला!" मग अण्णांना जेवण गोड लागायचं.

पुतण्या आदर्श बेळगावात प्रयोगशाळेत होता. वनस्पतींतल्या घटकांनी दुखावलेला मज्जारज्जू वाचतो का, हे तो उंदरांवर तपासत असे. हळदीतल्या घटकानं चाळीसपैकी सत्तावीस उंदीर चालू लागले, एवढं तो एकदा अण्णांकडे चहा पिताना बोलून गेला. (शास्त्रज्ञानं चहा पिताना तोंड उघडू नये असा नियम आहे, पण सक्ती नाही.) दुसऱ्या दिवसापासून भावकीनं संशोधन हाती घेतलं.

आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, ही आपली थोर रीत. आधी लोक मोसंबी आणत होते, आता पाला आणू लागले. चुलतभाऊ भावकूनं शेवगा आणला, भावजय जयाबाईनं वाटलेली हळद, आणि निपाणीच्या थोरल्या बहिणीनं, अक्काताईनं, थेट वखारीतलं तंबाखूचं पान. अकरा दिवसांत एकोणीस पाले झाले. पद्धत काटेकोर होती: अण्णांना बगलेत धरून उठवायचं, लेप थापायचा, आणि गुण आला का पाहायला पुन्हा उठवायचं.

"उठू नगो म्हणाल्यात डाक्टरीणबाई, आक्का," अण्णा कळवळले.

"त्यास्नी काय कळतंय? बस की रं जरा! पडल्या पडल्या लेप कसा लावू?"

एवढ्या लांबून आलेल्या बहिणीला नाही कसं म्हणायचं? अण्णा बसले. बाराव्या दिवशी अंगठा हलेना. अंबुबाईनं तीनदा पाहिलं, आणि पदर तोंडात धरून रडली.

लतिकाबाई धावत आल्या. आदर्शला अंगणात गाठून त्यांनी विचारलं, "तुमचे उंदीर बरे कसे झाले हो?"

आदर्श खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्यास्नी भेटायला कोण येत न्हाय."

या निष्कर्षानुसार अण्णांना त्याच दिवशी हॉस्पिटलात हलवून दाराशी पहारेकरी बसवला. तिथं नवव्या दिवशी अंगठा किंचित हलला. अण्णा चालतील की नाही, ते मात्र अजून कुणी सांगत नाही.

तरीही इथवर वाचताना ज्यांच्या मनात "ते सगळं खरं, पण आमच्याकडच्या एरंडाचा गुणच वेगळा" असं येऊन गेलं असेल, त्यांनी येण्याची तसदी घेऊ नये. आपलं वर्णन पहारेकऱ्याला दिलेलं आहे.